गुळवेलीसारखी दिसणारी वेल

तळवड्यातल्या माझ्या दवाखान्याच्या पाटीवर ‘आयुर्वेदिक’ असा शब्द होता, त्यामुळे लोक आत येताना हातात काहीतरी हिरवं घेऊन यायचे. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी रुमालात गुंडाळून, एक जण तर हेल्मेटमध्ये. तो पाला टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, "मॅडम, हे कशावर चालतं?" स्वतःला काय होतंय ते नंतर. आधी त्या पाल्याला कुठला आजार शोभेल तेवढं सांगा!

आता दवाखाना बंद करून बराच काळ लोटला. गुडघ्यांनी आधी जिन्याला नकार दिला, मग खुर्चीलाही. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘आपल्या आसपासच्या रानवनस्पतींचे उपयोग’ असा विषय दिला आहे. उपयोग मी लिहून देऊ शकते, पण ते हल्ली कुणाच्याही मोबाइलमध्ये सापडतात, आणि त्या सापडण्यातूनच पुढचं सगळं घडलं. म्हणून मी उपयोगांपेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिणार आहे. बाईंनी रागावू नये.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वैद्याला सगळी झाडंझुडपं ओळखता येतात असा समज आहे. कॉलेजात आम्हाला बागेत फिरवलं, परीक्षेत पानं ओळखायला लावली, हे खरं. पण पुढे दवाखाना थाटला की औषध येतं ते डब्यांतून, नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानातून, म्हणजे जिथे वाळक्या काड्या, मुळ्या, साली मिळतात तिथून. पुनर्नवेचं वाळलेलं मूळ मी चिमटीत धरून सांगू शकायचे, जुनं आहे की या वर्षीचं. जिवंत झाडाशी मात्र ओळख पुसट होत जाते. माझी ती ओळख परत करून दिली पेशंटांनी. त्यांनी आणलेला पाला घरी नेऊन, पुस्तकं उघडून, भिंगाखाली धरून मी पुन्हा शिकत गेले.

तळवड्यात तेव्हा आयटी पार्क नुकतं उभं राहत होतं आणि त्याच्या मागे लहान वर्कशॉपांच्या ओळी होत्या. तिथून येणारे बहुतेक पेशंट कापलेले, भाजलेले, कंबर धरलेले. मिलिंद नावाचा एक लेथ ऑपरेटर तळहाताला चिंधी बांधून आला. चिंधी सोडली तर आत हिरवा लगदा. एकदांडी! रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठावर, कंपनीच्या कुंपणात कुठेही उगवते. खरबरीत पानं आणि एका लांब दांडीवर एकुलतं एक फिकट पिवळं फूल. हिचा पाला चुरगळून लावला की ताज्या जखमेचं रक्त थांबतं. शाळेतली पोरं पूर्वी गुडघा फुटला की हेच करायची.

"आईनं शिकवलंय, मॅडम. रक्त लगेच थांबलं," मिलिंद जरा ऐटीत म्हणाला.

"थांबलं ना. झाडानं त्याचं काम केलं. पण पाला तोडताना हात कुठे बुडालेले होते?"

त्यानं हात पाहिले. काळं तेल आणि मशिनवर सोडतात ते दुधाळ पाणी, कूलंट, नखांत भरलेलं. तो सगळा ऐवज पाल्याबरोबर जखमेत गेला होता. मी जखम धुतली, शेजारच्या डॉक्टरांकडे धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाठवलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगायची: एकदांडी चांगली, पण आधी साबण.

एक सिक्युरिटी गार्ड गुडघ्याला रुईचं पान बांधून आला होता. रुईचं पान तेल लावून, किंचित गरम करून सुजेवर बांधतात, हे बरोबर. या गृहस्थांना वाटलं, पानाएवढा गुण आहे तर चिकात किती असेल! त्यांनी चीक चोळला. गुडघ्यावर पुऱ्या फुगाव्यात तसे फोड आले होते. "डोळ्यांना हात नाही ना लावला?" मी घाबरून विचारलं. नव्हता लावला, हे नशीब. रुईच्या चिकानं डोळा जाऊ शकतो.

अशा माणसांत एक दिवस सोपानराव आले.

मूळचे पुनावळ्याचे. लेक तळवड्यात दिलेली, तिच्याकडे आले की माझ्याकडे गुडघे दाखवायला यायचे. हायवेजवळची त्यांची शेती बिल्डरकडे गेली होती आणि तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत मुलाबरोबर राहत होते. "आमच्याच बोरीच्या वावरात ऱ्हातो, बाई. फकस्त नवव्या मजल्यावर," असं ते सांगायचे. सांगताना हसायचे, पण समोरचा हसला की त्यांचं हसू थांबायचं.

गुडघ्यांसाठी मी त्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. पुढच्या वेळी ते माझ्यासाठीच निर्गुडीचा भारा घेऊन आले. "तुमाला इकत आणावी लागत आसंल, म्हनून." मग त्यांचा तो परिपाठच झाला. लेकीकडे यायचं ते स्कूटरच्या पायाशी पोतं घेऊन. पावसाळ्यात टाकळ्याची कोवळी पानं, भाजीला. घेटुळी, म्हणजे आमची पुनर्नवा, पायांवर सूज येणाऱ्या बायकांसाठी. आघाड्याच्या मुळ्या. मला जे काड्या होऊन मिळायचं ते त्यांच्या पोत्यात ओलं, मातीसकट असायचं. मी त्यातलं शास्त्र सांगायची, ते त्यातली चव. दोघांनाही एकमेकांचं थोडं थोडं पटायचं.

आमचं बिनसलं ते माक्यावरून.

माका ओलसर जागी येतो. इवलीशी पांढरी फुलं, आणि पान बोटांत चुरडलं की बोटं काळीनिळी होतात. केसांच्या तेलाला लोक नेतात, यकृताच्या औषधातही तो असतो. एरवी वीतभर, फार तर दीड वीत वाढणारा माका. त्या पावसाळ्यात सोपानरावांनी आणलेला गुडघ्याच्या वर गेलेला होता, जाड देठांचा, तजेलदार. कुणालाही आनंद व्हावा असा. मला मात्र तो बघून शंका आली.

"कुठून आणलात?"

"वर्कशॉपांच्या मागं वढा न्हाई का? तिथं रान माजलंय नुस्तं."

तो ओढा मला माहीत होता. काही लहान युनिटांत धातूवर मुलामा चढवायचं काम चालायचं आणि त्यांचं पाणी रात्रीतून त्या ओढ्यात सुटायचं. कुठलं युनिट ते कुणी सांगत नसे. ओढ्याचा रंग मात्र आठवड्यात तीनदा बदलायचा. झाड मुळांतून पाणी ओढतं तसं पाण्यात विरघळलेलंही ओढतं. शिसं, क्रोमियम असलं काही पानात बसलं तर ते दिसत नाही, वासाला येत नाही, धुऊन जात नाही. पोटात मात्र जातं.

"सोपानराव, हा मी नाही वापरू शकणार."

"का? माकाच हाय की."

"माकाच आहे. पण पाणी माक्याच्या लायकीचं नाही."

त्यांनी भारा परत पोत्यात भरला. घाईनं नाही, एकेक जुडी नीट ठेवत. मग म्हणाले, "मंग बाई, चांगल्या पाण्याची जागा तुमी दाखवा. तिथनं आणतो. आमच्या वावरात झरा व्हता. त्याच्यावर आता पार्किंग हाय."

आळंदीच्या बाजूला नदीकाठ आहे म्हणावं, तर इंद्रायणीवर फेस आलेला दोघांनीही पाहिलेला. ते गेले, आणि त्यानंतर लेकीकडे आले तरी दवाखान्याकडे वळेनासे झाले. आजही कुणी तो माका आणला तर मी परतच करीन. पण त्या दिवशी पोतं बांधून ते निघाले तेव्हा मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांना म्हणायला हवं होतं, "मी वापरो न वापरो, तुम्ही दाखवायला आणत जा." ते म्हणायचं राहून गेलं.

मग साथ आली. मास्क, बंद दरवाजे, ओस पडलेली एमआयडीसी. आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर गुळवेल.

गुळवेल आमच्या शास्त्रातली मोठी मानाची वनस्पती. जुन्या तापावर, अशक्तपणावर वापरतात, कडुनिंबावर चढलेली असेल तर जास्त चांगली मानतात. पण ती द्यायची माणूस पाहून, किती आणि कुठवर ते ठरवून. त्या दिवसांत ती चहासारखी झाली. लोक फोन करून विचारायचे, "मॅडम, काढा रोज किती कप?" मी म्हणायची, "तुम्हाला झालंय काय?" पलीकडून उत्तर यायचं, "काहीच नाही. होऊ नये म्हणून." काहीच न झालेल्या माणसाला महिनोन्‌महिने कडू काढा का पाजायचा, हे मी घसा दुखेपर्यंत सांगितलं. ऐकणारे थोडे होते.

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत तेव्हा सोपानरावांना चांगले दिवस आले होते. हे मला नंतर कळलं. आजवर लिफ्टमध्ये ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्यांना सकाळी फिरणारी मंडळी हाका मारू लागली. "काका, गुळवेल मिळेल का?" त्यांच्या जुन्या बांधावरचा एक कडुनिंब बिल्डरनं कुंपणाच्या कडेला राखला होता आणि त्याच्यावर जुनी, मनगटाएवढी जाड गुळवेल होती. सोपानराव रोज तिचे तुकडे करून वाटायचे. घरी मुलगा, सून, नात सगळ्यांना काढा. साथीत घरातलं कुणी आजारी पडलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय त्या वेलीला मिळालं.

साथ ओसरली. लोकांचे काढे सुटले. घरात एक सून तेवढी घेत राहिली, मधे सोडून पुन्हा सुरू करत.

या सुनेला, अश्विनीला, मी प्रथम पाहिलं ते एका दुपारी. तळवड्यातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत ती कामाला होती, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, जेवणाच्या सुट्टीत आलेली. भूक नाही, अंगाला खाज, थकवा. "ॲसिडिटी वाढलीय बहुतेक," ती म्हणाली. ट्यूबलाइटखाली माणसाचा रंग कळत नाही. मी तिला खिडकीशी नेलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळा हळदीसारखा पिवळा होता.

"लघवीचा रंग?"

"गडद होतेय. मला वाटलं, पाणी कमी पितेय."

"औषधं कुठली चालू आहेत?"

"काहीच नाही. मी डोकेदुखीलासुद्धा गोळी घेत नाही. फक्त मामांचा गुळवेलीचा काढा." आमच्याकडच्या जुन्या घरांत सुना सासऱ्याला मामा म्हणतात. मग तिनं ओळख दिली, "तुम्ही ओळखता त्यांना. सोपानराव. मी त्यांची सून."

"काढा कधीपासून?"

"तसा खूप दिवसांपासून. मधे बंद होता, आता परत सुरू केलाय. या वेळी फारच कडू लागतो. पण मामा म्हणाले, कडू आहे म्हणजे कस आहे."

ही कावीळ आहे असं सांगून मी काढा त्या क्षणापासून बंद करायला सांगितला आणि रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. यकृताचे आकडे असे होते की चूक झाली असावी असं वाटावं. मी तिला फोन लावतेय तोच दाराशी सोपानराव उभे. बरोबर त्यांचा मुलगा संतोष, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, नाइट शिफ्ट करून तसाच आलेला. सोपानरावांच्या हातात ओली जुडी होती. भुईआवळा! पानांच्या खालच्या बाजूला मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग. काविळीवर देतात, पुस्तकातही आहे.

"ताजा हाय, बाई. चांगल्या जागंचा हाय," ते घाईनं म्हणाले. माक्याचं ते विसरले नव्हते.

"संतोष, अश्विनीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये दाखल करा. मोठ्या. जिथे यकृताचे डॉक्टर आहेत तिथे."

संतोष गोंधळला. "मॅडम, आप्पा म्हणतात कावीळ झाडपाल्यानंच जाते. गावात सगळ्यांच्या तशाच बऱ्या झाल्यात."

"व्हय," सोपानराव म्हणाले. "आन्‌ बाई, तुमीच असं म्हनाय लागल्यावर? तुमचाच तुमच्या औषदावर इश्वास न्हाई व्हय?"

बाहेर बाकावर पेशंट बसलेले होते, सगळ्यांचे कान आत. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता, पण असा दुखऱ्या आवाजात नव्हे.

"सोपानराव, ही कावीळ कशानं झालीय ते मला माहीत नाही. ते माहीत नसताना मी हा पाला तिला दिला, आणि उद्या ती शुद्धीवर राहिली नाही, तर तुम्ही काय करणार? मी काय करणार?"

संतोषनं मोबाइल काढला आणि गाडीसाठी मित्राला फोन लावला.

निघताना मी म्हटलं, "आणि तो काढा ज्या वेलीचा करता, तिचा तुकडा मला आणून द्या. पानांसकट."

सोपानराव दारातच वळले. "येलीचं काय?"

"बघू द्या मला."

तुकडा दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आणला. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, गुळवेलीचं असावं तसं. पण काडी हातात घेतल्यावर बोटांना काहीतरी वेगळं लागलं. गुळवेलीच्या काडीवर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. नखानं सोलला की सुटतो आणि आत हिरवीगार साल दिसते. हिच्यावर पापुद्रा सुटेना, आणि सगळी काडी टपोऱ्या गाठींनी भरलेली, अंगावर चामखिळी उठाव्यात तशी. गुळवेलीवरही बारीक पुटकुळ्या असतात, त्यामुळे मी छातीठोक काही बोलले नाही. जिभेला किंचित लावून पाहिली. कडूपणा डोक्यात गेला.

"ही निंबावरची?"

"आमच्या बांधावरचा निंब तोडला, बाई. रस्ता रुंद क्येला तवा. येल बी गेली." मग हळू आवाजात, "ही शेजारच्या बिल्डिंगच्या स्कीमच्या कुंपणावरची. माळ्यानं नर्सरीतनं आणून लावल्याली. मला वाटलं गुळयेलच हाय. पान तेच की वो."

मी तो तुकडा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापिकेकडे पाठवला. तिनं कळवलं, ही गुळवेलीची सख्खी बहीण म्हणावी अशी वेल आहे, पण गुळवेल नाही. काही ठिकाणी लोक ती चुकून घेतात आणि यकृताला अपाय झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे.

हे सोपानरावांना कसं सांगायचं यावर मी खूप विचार केला आणि शेवटी साध्या शब्दांत सांगितलं. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी काडी उचलली, नखानं खरवडली. पापुद्रा सुटला नाही. पुन्हा खरवडली. मग ती टेबलावर ठेवून दिली आणि धोतराला हात पुसले, पुसतच राहिले.

"म्या रोज उकळून दिला," एवढंच म्हणाले. "ती लई कडू हाय, नगं म्हनायची, तरी दिला."

हॉस्पिटलमधले दिवस वाईट गेले. तिथल्या डॉक्टरांनी यकृताचा तुकडा तपासला. या वेलीमुळेच झालं असं शंभर टक्के सांगता येत नाही, तिच्या शरीरात आधीपासून काही कल असेल, काढ्यानं तो उफाळला असेल, असं ते म्हणाले. ते प्रामाणिक बोलणं होतं. पण आकडे उतरले नाहीत तर यकृत बदलावं लागेल, असंही त्यांनी संतोषला सांगून ठेवलं. संतोष मला भेटायला आला तो उभ्याउभ्याच बोलू लागला. "मॅडम, मी आप्पांना नाही नाही ते बोललो. बाल्कनीतल्या कुंड्या उचलून खाली गेटपाशी नेऊन ठेवल्या. म्हटलं, परत या घरात एक पान आणायचं नाही." मग म्हणाला, "ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

मी त्याची समजूत घातली नाही. तो चुकलाय असं मला वाटत नव्हतं, आणि सोपानरावांना गुन्हेगारही म्हणवत नव्हतं.

एक दिवस आकडे थांबले. मग उतरू लागले, सावकाश, पण रोज थोडे. अश्विनी घरी आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. यकृत बदलावं लागलं नाही. औषधं मात्र पुढे बरेच महिने चालली.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला आहे. सोपानरावांना गुळवेल कळत नव्हती असं कसं म्हणू? तो बांध, तो निंब, त्याच्यावरची ती वेल त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. तिथे दुसरं काही असण्याची शक्यताच नव्हती, म्हणून पापुद्रा सोलून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. रानात जी ओळख पुरायची ती सोसायटीच्या कुंपणाशी पुरी पडली नाही. आता आपल्याभोवती नर्सरीतून आलेली, नावं माहीत नसलेली शेकडो झाडं आहेत. पुस्तकं आपल्याला सांगतात गुळवेल कशावर चालते. ही गुळवेल आहे की नाही, हे ज्यानं त्यानं समोरच्या काडीला विचारायचं असतं. मी वाळक्या काड्यांत वाढलेली वैद्य, मलाही त्या दिवशी दुसऱ्याची मदत घ्यावी लागली.

अश्विनी पुढे अधूनमधून यायची, नुसती बोलायला. तिच्या मनात राग नव्हता. "मॅडम, त्यांनी माझ्या काळजीपोटीच दिलं ना. माझ्या आईनं नसतं दिलं?" तिला खुपत होतं ते वेगळंच. सोपानराव तिच्याशी बोलायचे, पण खाली बघून. सकाळचं फिरणं त्यांनी सोडलं होतं. गवतातून जाताना पूर्वी चार ठिकाणी थांबणारा माणूस आता डांबरी रस्त्याच्या मधून चालायचा. नातीनं शाळेतून कसलंसं पान आणून विचारलं, "आजोबा, हे काय?" तर म्हणाले, "मला न्हाई म्हाईत."

मी दवाखाना बंद केला त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दाराची बेल वाजली. उघडलं तर सोपानराव. स्कूटर खाली लावून जिना चढून आलेले, गुडघे धरून उभे. हातात रुमाल होता.

त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "सूनबाईला खोकला झालाय. कोरडा. काल म्हनली, मामा, अडुळशाचा काढा करून द्या. म्या म्हनलं, डॉक्टरचं औषद घे. तर म्हनली, न्हाई, तुमच्याच हातचा पायजे."

"हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारलंत?"

"संतोषनं इचारलं. त्यानंच फोन लावला. थोडा थोडा द्या म्हनले, दोन-तीन दिस. रिपोर्ट बरं हायेत तिचं." मग त्यांनी रुमाल उघडला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, ह्यो अडुळसाच हाय ना?"

दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली लांब हिरवी पानं. एका डहाळीला पांढरं फूल, वासलेल्या जबड्यासारखं.

"कुठला आहे?"

"लेकीच्या दारातलं कुंपण. म्याच लावल्यालं, तिच्या लग्नाच्या साली."

म्हणजे पाऊण आयुष्य ज्याला शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावलं, ज्याच्या पानांचा रस स्वतःच्या लेकरांना पाजला, तो अडुळसा ते मला ओळखायला सांगत होते. "काय हो सोपानराव, तुम्ही मला विचारता?" असं हसून म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. चष्मा लावला, रुमाल घेऊन खिडकीशी गेले. पान उलटं करून शिरा पाहिल्या. एक पान चुरगळलं, वास घेतला. डहाळी मोडून आत पाहिलं. फूल तळहातावर ठेवून उजेडात धरलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे नातेवाईक बघतात तसे.

"अडुळसाच आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पानं मोजल्यासारखी एकावर एक ठेवली, रुमालाला गाठ मारली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, कठड्याला धरून म्हणाले, "आता घरी जाऊन उकळतो. पयला घोट म्या घेतो, बाई. मंग तिला."